माळावर सापडलेला तुकडा लष्कराच्या हाती जातो तेव्हा

प्रश्न असा आहे: एखाद्या साध्या माणसाला मोकळ्या माळावर अनोळखी धातूचे तुकडे सापडतात. ते उडत्या तबकडीचे असावेत असा त्याला संशय येतो आणि तो ते लष्कराच्या स्वाधीन करतो. पुढे नेमकं काय घडतं? खरंच तपास होतो का? आणि लष्करानं दिलेल्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवायचा?

मी धातुतज्ज्ञ आहे. कोसळलेल्या विमानांचे तुकडे तपासून कोणता भाग आधी निकामी झाला हे सांगणं हे बरीच वर्षं माझं काम होतं. त्या निमित्तानं 'हे आभाळातून पडलं' म्हणून लोकांनी आणलेल्या वस्तूही टेबलावर यायच्या. बहुतेक वेळा ती भट्टीतली मळी असायची, कधी ओतकामात वाया गेलेला गोळा, कधी यंत्राचा झिजून ओळखू न येणारा भाग. आणणारा माणूस मात्र जवळजवळ नेहमी प्रामाणिक असायचा. हे आधी सांगतो, कारण अशा माणसाला वेड्यात काढायची रीत पडली आहे आणि ती तपासाला मारक आहे. ज्याची एकदा टिंगल झाली तो पुन्हा काही आणून देत नाही, आणि पुढची वस्तू खरोखर महत्त्वाची असू शकते.

सगळ्या गैरसमजांचं मूळ माझ्या मते एकच आहे. सापडलेल्या तुकड्याबद्दल माणूस विचारतो, 'हे कुठून आलं?' लष्कर विचारतं, 'हे कुणाचं आहे, आणि त्यापासून धोका आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लष्कराला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तपास तिथे थांबतो. तोपर्यंत माणसाच्या प्रश्नाला हातही लागलेला नसतो, म्हणून त्याला वाटतं की आपल्यापासून काहीतरी लपवलं गेलं. कधी खरोखर लपवलेलंही असतं, पण ते बहुधा त्याला वाटतं ते नसतं.

पहिला टप्पा सुरक्षेचा. आभाळातून पडलेल्या कुठल्याही वस्तूत तीन गोष्टींची भीती असते: स्फोटक, विषारी इंधन आणि किरणोत्सर्ग. उपग्रहांना वळवण्यासाठी वापरलं जाणारं हायड्रॅझिन अतिशय विषारी आहे. टाकी फुटलेली दिसली तरी आत त्याचा अंश राहू शकतो. म्हणून आधी बॉम्बनाशक पथक येतं, किरणोत्सर्ग मोजला जातो, भोवताली दोर बांधला जातो. गावकऱ्यांना हे पाहून वाटतं की काहीतरी भयंकर सापडलं आहे. खरं तर वस्तू काय आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे हे सगळं करावं लागतं.

ही भीती काल्पनिक नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी 'कॉसमॉस ९५४' हा अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. थेलॉन नदीच्या काठी हिवाळा काढायला राहिलेल्या एका छोट्या गटातल्या लोकांना त्याचा अवशेष बर्फात दिसला. ती साधी माणसं होती, त्यांना त्या लोखंडी सांगाड्याचा काहीच अर्थ लागेना. नंतर त्यांची किरणोत्सर्गासाठी तपासणी करावी लागली. कॅनडा आणि अमेरिकेनं मिळून 'ऑपरेशन मॉर्निंग लाइट' या नावानं महिनोन् महिने शोध घेतला, आणि खर्चापोटी सोव्हिएत संघानं १९८१ साली कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. अनोळखी तुकड्याजवळ जाऊ नका असं एखादा जवान ओरडून सांगतो, त्याच्या मागे असे अनुभव असतात.

दुसरा टप्पा ओळखीचा, आणि इथे लष्कराला उत्सुकता असते ती शत्रूच्या यंत्राची. शीतयुद्धात अमेरिकी वायुदलाची 'मून डस्ट' नावाची मोहीम होती. परक्या देशांच्या अवकाशयानांचे जमिनीवर पडलेले भाग मिळवायचे हा तिचा उद्देश. 'ब्ल्यू फ्लाय' ही तिची जोड, म्हणजे मिळालेली वस्तू ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरच्या परकीय तंत्रज्ञान विभागाकडे तातडीनं पोचवणं. १९६१ च्या एका अंतर्गत टिपणात या मोहिमांच्या शेजारीच अनोळखी उडत्या वस्तूंच्या तपासाचाही उल्लेख आहे. ते टिपण वाचून अनेकांनी 'पकडलेल्या तबकड्या' असा अर्थ काढला. पण त्या काळातल्या अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. स्पुटनिकला जेमतेम चार वर्षं झाली आहेत, आणि आकाशातून पडलेल्या सोव्हिएत टायटॅनियमचा एक तुकडा त्यांच्या क्षेपणास्त्रांबद्दल गुप्तहेरांच्या अहवालांपेक्षा जास्त सांगू शकतो. त्याच्यासाठी तोच खजिना होता.

तुकडा कुणाचा हे ठरवायला फार महाग यंत्रं लागत नाहीत. आधी पाहायचे स्क्रूचे आटे. आट्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या मापात बसतं की इंचाच्या, एवढ्यावरून निम्मं जग बाजूला पडतं. मग पत्र्याची जाडी, रिव्हेटची जात आणि त्यांच्यातलं अंतर, वेल्डिंगची पद्धत, रंगाखालचा लेप. कोरलेला एखादा अर्धवट अंकसुद्धा पुरतो. मिश्रधातूच्या घटकांचं प्रमाण तर बहुतेकदा थेट विशिष्ट देशाच्या मानकापर्यंत नेतं. जोडीला अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्यांच्या नोंदी असतात: त्या आठवड्यात कोणती वस्तू कक्षेतून खाली येणार होती आणि तिचा मार्ग या जागेवरून जात होता का. नोंद आणि तुकडा जुळले की लष्कराच्या दृष्टीनं काम संपलं.

गोल टाक्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्यांच्यावरून होतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टायटॅनियमला १,६६८ अंश लागतात. त्यामुळे वातावरणात शिरताना रॉकेटचा सांगाडा जळून जातो आणि दाबाखालचा वायू किंवा इंधन साठवणाऱ्या टायटॅनियमच्या किंवा कार्बनतंतू गुंडाळलेल्या गोल टाक्या तेवढ्या जमिनीवर पोचतात. नितळ, शिवण न दिसणारा, कुठलंही नाव नसलेला गोळा पाहून माणूस चक्रावणारच. महाराष्ट्रात सिंदेवाही तालुक्यात एप्रिल २०२२ मध्ये मोठं धातूचं कडं आणि असेच गोळे पडले तेव्हा संशय चिनी रॉकेटच्या टप्प्यावर गेला. पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर एक भलंमोठं नळकांडं वाहून आलं. पोलिसांनी पहारा बसवला, रासायनिक तपासणी झाली, आणि दोनेक आठवड्यांत तिथल्या अवकाश संस्थेनं जाहीर केलं की हा बहुधा भारताच्या पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा आहे.

कधीकधी उलटंही होतं: खरीखुरी अवकाशातली वस्तू मामुली वाटते. सप्टेंबर १९६२ मध्ये अमेरिकेतल्या मॅनिटोवॉक गावात गस्तीवरच्या दोन पोलिसांना भर रस्त्यात सुमारे ९ किलोचा धातूचा तुकडा दिसला. ओतकामाच्या कारखान्यातला टाकाऊ माल समजून त्यांनी तो कडेला सारला. सोव्हिएत उपग्रह त्याच पहाटे त्या भागावरून खाली आल्याचं कानावर आलं तेव्हा ते परत जाऊन घेऊन आले. तो 'स्पुटनिक ४' चा भाग निघाला. रस्त्यावरच्या तुकड्याला त्या रात्रीच्या आकाशाची नोंद मिळाली म्हणून तो ओळखला गेला. नाहीतर तो कचऱ्यात गेला असता.

आता रॉसवेल. त्याला टाळून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि मला ते प्रकरण मनापासून महत्त्वाचं वाटतं, कारण खरं उत्तर आणि लपवाछपवी एकाच वेळी एकाच टेबलावर कशी असू शकते हे त्यात दिसतं.

जून १९४७ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावाच्या परिसरातल्या एका पशुपालकाला, मॅक ब्रेझेलला, कुरणात पसरलेला कचरा दिसला: रबराच्या पट्ट्या, चंदेरी कागद, चिवट कागद, काड्या. महिनाअखेरीस केनेथ अर्नोल्ड या वैमानिकानं वेगानं उडणाऱ्या चकाकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि देशभर तबकड्यांची चर्चा पेटली. ती कानावर आल्यावर ब्रेझेलनं तालुक्याच्या शेरीफला कळवलं. शेरीफनं लष्करी हवाई तळाला सांगितलं. तिथल्या गुप्तवार्ता अधिकाऱ्यानं, मेजर जेसी मार्सेलनं, अवशेष गोळा केले. ८ जुलैला तळानं चक्क 'उडती तबकडी ताब्यात' असं पत्रक काढलं. अवशेष फोर्ट वर्थला जनरल रॅमीच्या कार्यालयात गेले, तिथे हवामान अधिकारी आयर्व्हिंग न्यूटननं ते पाहिले आणि सांगितलं, हा हवामानाचा फुगा आणि रडारसाठीचा परावर्तक आहे. काही तासांत तबकडीची बातमी मागे घेतली गेली.

न्यूटन खोटं बोलला नाही. त्याच्यापुढे होतं ते खरंच निओप्रीनचा फुगा आणि पन्नी लावलेला परावर्तक. पण ते हवामानासाठी सोडलेलं नसावं. १९९४ साली वायुदलानं स्वतःच्या कागदपत्रांचा पुन्हा तपास करून निष्कर्ष काढला की बहुधा हे 'मोगल' प्रकल्पातल्या फुग्यांच्या लांबलचक माळेचे अवशेष होते. सोव्हिएत अणुचाचणीचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरातून ऐकू येतो का हे पाहण्यासाठी न्यूयॉर्क विद्यापीठाचा गट अलामोगोर्डोहून अशा माळा सोडत होता. सामान बाजारातलं, त्यात गुपित काहीच नाही. गुपित होता तो उद्देश. परावर्तक बनवणाऱ्यानं वापरलेल्या चिकटपट्टीवर फुलांची नक्षी होती, आणि पुढे साक्षीदारांच्या आठवणीत तिचीच अगम्य लिपी झाली, असं त्या प्रकल्पातल्या लोकांचं म्हणणं.

लष्करी उत्तराकडे कसं पाहायचं ते इथे कळतं. वस्तू काय आहे, हे उत्तर बरोबर होतं. ती तिथे का आली, हे उत्तर अपुरं होतं, आणि ते जवळजवळ अर्धं शतक अपुरंच राहिलं. लोकांना काहीतरी खटकलं, ते योग्यच खटकलं. पण त्या खटकण्यातून 'म्हणजे परग्रहावरचं यान' असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं १९९५ मध्ये कागद तपासले तेव्हा त्या काळातले रॉसवेल तळाचे काही दस्तऐवज नष्ट केलेले आढळले. मला याचं फार वाईट वाटतं. ते कागद सांभाळले असते तर दोन-तीन पिढ्यांचा वाद वाचला असता.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी घटना कमी लोकांना माहीत आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या मॉरी बेटाजवळ तबकडीतून गरम दगडासारखे तुकडे पडले असं दोघांनी सांगितलं. लष्करी गुप्तवार्ता विभागाचे दोन अधिकारी, कॅप्टन विल्यम डेव्हिडसन आणि लेफ्टनंट फ्रँक ब्राउन, चौकशीला गेले. तुकडे धातू गाळणाऱ्या कारखान्यातल्या मळीसारखे होते. १ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे परतीच्या वाटेवर त्यांचं बी-२५ विमान कोसळलं आणि दोघंही गेले. तपासात ती कहाणी बनावट ठरली. बनावट पुरावा ही निरुपद्रवी गंमत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

प्रयोगशाळेतल्या कामाकडे येतो. इथे बहुतेक लोक चुकीच्या गोष्टीकडे पाहतात. 'हा धातू फार शुद्ध आहे' किंवा 'असं मिश्रण कुणी बनवत नाही' हे दोन दावे वारंवार ऐकू येतात, आणि दोन्ही कच्चे आहेत.

शुद्धतेचं उदाहरण ब्राझीलचं. १९५७ साली रिओच्या एका वृत्तपत्रातल्या स्तंभलेखकाला निनावी पत्र आणि धातूचे छोटे तुकडे मिळाले. उबातुबाच्या किनाऱ्यावर तबकडी फुटताना पाहिली, हे तिचे तुकडे, असं पत्रात होतं. तुकडे मॅग्नेशियमचे होते, आणि माणसाला शक्य नाही इतके शुद्ध असल्याचा दावा पुढे दहा वर्षं चालला. कोलोरॅडो विद्यापीठानं अमेरिकी वायुदलासाठी केलेल्या अभ्यासात न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली त्यांची चाचणी झाली. डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीचं त्या काळी मिळणारं मॅग्नेशियम त्याहून शुद्ध निघालं. उबातुबाच्या तुकड्यात स्ट्रॉन्शियम मात्र होतं, जे मॅग्नेशियममध्ये सहसा नसतं. पण डाऊच्या प्रयोगशाळेनं स्ट्रॉन्शियम मिसळलेलं मॅग्नेशियम प्रयोगापुरतं १९४० पासून बनवलेलं होतं. औद्योगिक धातुशास्त्रात हे कायम घडतं. विक्रीला कधीच न आलेले शेकडो प्रायोगिक मिश्रधातू कारखान्यांनी ओतलेले असतात, आणि त्यांची यादी एका जागी कुठेच नसते.

मिश्रणाचं उदाहरण ताजं आहे. १९९६ मध्ये एका अमेरिकी रेडिओ निवेदकाला टपालानं काही तुकडे आले. १९४७ च्या अपघातग्रस्त यानाचे म्हणून. मॅग्नेशियम-जस्ताचे आणि बिस्मथाचे एकावर एक पातळ थर. पुढे एका खासगी संस्थेनं असा तुकडा अमेरिकी लष्कराबरोबरच्या करारातून तपासायला दिला. दावा असा होता की हे थर विशिष्ट लहरी वाहून नेण्यासाठी मुद्दाम रचले आहेत. संरक्षण खात्याच्या ऑल-डोमेन अॅनॉमली रिझोल्यूशन ऑफिसनं ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीकडून चाचणी करून घेतली आणि निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची, प्रमाणं पृथ्वीवरची निघाली. बिस्मथाचा थर त्या कामाला लागेल इतका शुद्ध नव्हता. आणि विसाव्या शतकाच्या मध्यात मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर जे प्रयोग चालू होते त्यांच्याशी हे जुळत होतं.

धातूतले थर पाहून 'कुणीतरी रचले' असं वाटणं अगदी साहजिक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ते फार देखणे दिसतात. पण शिसं शुद्ध करताना त्यातलं बिस्मथ काढण्यासाठी मॅग्नेशियम घालण्याची पद्धत औद्योगिक जगात जुनी आहे, आणि अनेक धातू थंड होताना आपोआपच थरांमध्ये विभागले जातात. थर दिसणं हा हेतूचा पुरावा नाही.

मग खरी कसोटी कोणती? समस्थानिकांची. प्रत्येक मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू असतात, आणि त्यांचं आपापसातलं प्रमाण आपल्या सूर्यमालेत जवळजवळ ठरलेलं आहे. मॅग्नेशियमचं उदाहरण घ्या: २४ वजनाचे सुमारे ७९ टक्के, २५ चे १० टक्के, २६ चे ११ टक्के. पृथ्वीवरच्या खाणीतून, समुद्राच्या पाण्यातून, कुठूनही काढा, फरक अतिशय सूक्ष्म असतो. दुसऱ्या ताऱ्याभोवती घडलेल्या पदार्थात ही प्रमाणं वेगळी असायला हवीत.

आणि तो पदार्थ कसा दिसतो हे विज्ञानाला ठाऊक आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण सापडले, जे सूर्याच्याही आधी इतर ताऱ्यांभोवती तयार झाले होते. पृथ्वीवर कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांचं गुणोत्तर ८९ च्या आसपास असतं. त्या कणांमध्ये ते काहींत अगदी एक आकडी आहे, काहींत हजारांत. इतका ढळढळीत फरक असतो. म्हणजे ताऱ्यांपलीकडून आलेली वस्तू ओळखायचं साधन आपल्याकडे आहे, ते वापरूनही झालं आहे, आणि त्या कामासाठी लष्कराची गरज नाही. जगभरच्या भूविज्ञानाच्या प्रयोगशाळा ते रोज करतात.

दोन सावधगिरी मात्र हव्यात. वेगळं प्रमाण सापडलं म्हणजे लगेच परग्रह नव्हे. माणूस युरेनियम, बोरॉन, लिथियम यांचे समस्थानिक वेगळे करतो. अण्वस्त्रांसाठी लिथियम-६ काढून घेतलेलं उरलंसुरलं लिथियम बाजारात आलं, त्यामुळे बाटलीतल्या लिथियमची प्रमाणंही नैसर्गिक असतीलच असं नाही. उलट बाजूनं, प्रमाण पृथ्वीवरचं निघालं तर एवढंच सिद्ध होतं की कच्चा माल इथला आहे.

तुकडा अवकाशात होता का, हे सांगणारी आणखी एक चाचणी आहे, आणि तिच्याबद्दल मी कळकळीनं सांगतो, कारण ती वेळेत झाली नाही तर कायमची हुकते. कक्षेत असताना विश्वकिरणांच्या माऱ्यानं धातूत अल्पायुषी किरणोत्सर्गी अणू तयार होतात. अॅल्युमिनियममध्ये सोडियम-२२, लोखंडात मँगनीज-५४. १९८४ ते १९९० कक्षेत राहिलेल्या 'एलडीईएफ' उपग्रहावर सोडियम-२२ सापडलं, आणि त्याच्या पुढच्या बाजूला वातावरणातून चिकटलेलं बेरिलियम-७ सुद्धा. पण बेरिलियम-७ दर ५३ दिवसांनी निम्मं होतं, मँगनीज-५४ दर ३१२ दिवसांनी, सोडियम-२२ सुमारे अडीच वर्षांनी. तुकडा वीस वर्षं पेटीत जपून ठेवणाऱ्या माणसानं नकळत सर्वांत बोलका पुरावा विरून जाऊ दिलेला असतो.

लष्कर वस्तू परत देतं का? ती वस्तू कुणाची ठरते त्यावर हे अवलंबून आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार प्रक्षेपित केलेल्या वस्तूची मालकी ती कुठेही पडली तरी मूळ देशाकडेच राहते, आणि १९६८ च्या करारानुसार तो देश मागेल तर ती परत करावी लागते. सापडलेल्या माणसाचा तिच्यावर हक्क राहत नाही. मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका घराच्या छतातून इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूचा सुमारे ७०० ग्रॅमचा तुकडा आरपार गेला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून सोडून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या सांगाड्याचा तो भाग आहे हे नासानं तपासून जाहीर केलं, आणि तो ठेवून घेतला. कुणाचीच नसलेली वस्तू मात्र परत मिळते. १९७४ मध्ये त्याच राज्यात एका कुटुंबाला चकचकीत पोलादी गोळा सापडला. अमेरिकी नौदलानं त्याचे क्ष-किरण फोटो काढले, तो आपला नाही असं सांगितलं आणि कुटुंबाला परत दिला.

'आपला नाही' हे उत्तर तिथे संपलं, आणि माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे. आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्स इथे १७ डिसेंबर १९७७ च्या संध्याकाळी लोकांनी आकाशातून काहीतरी पडताना पाहिलं. लगेच पोचलेल्या अग्निशमन दलाला उद्यानात वितळलेल्या, तापून लालबुंद झालेल्या धातूचा ढीग दिसला. तो साधं कार्बन पोलाद निघाला. वायुदलाचं म्हणणं पडलं की अवकाशातले अवशेष असे वितळलेल्या अवस्थेत जमिनीवर पोचत नाहीत, आणि ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण मग ते काय होतं, हे शोधणं त्यांचं काम राहिलं नाही. पुढे जाक व्हॅले, गॅरी नोलन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या धातूचे समस्थानिक मोजले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले: प्रमाणं पृथ्वीवरचीच. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पद्धत, आकडे, मर्यादा सगळं उघड मांडलं आहे, कुणीही पुन्हा मोजू शकतं. कुणी, कसा, का तो तापलेला धातू तिथे ओतला, याचं उत्तर आजही नाही.

त्यामुळे विश्वासाबद्दलचं माझं उत्तर तुकड्या-तुकड्यांनीच देता येतं. धातू काय आहे याबद्दल लष्करी प्रयोगशाळेनं आकड्यांसह सांगितलं असेल तर मी ते मानतो, कारण ते दुसरीकडे तपासता येतं. नुसता निष्कर्ष दिला, आकडे दिले नाहीत, तर थांबतो. वस्तू कोणत्या कामाची होती याबद्दल लष्कर गप्प राहिलं किंवा मोघम बोललं, तर त्यात आपलं एखादं गुप्त यंत्र असण्याची शक्यता मी पहिल्यांदा धरतो. जुलै १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ एफ-११७ हे रडारला चकवणारं लष्करी विमान कोसळलं तेव्हा सगळा परिसर बंद करून टाकला होता, कारण त्या विमानाचं अस्तित्वच जाहीर झालेलं नव्हतं. आणि 'अनोळखी' या शेऱ्याचा अर्थ मी फक्त 'माहिती अपुरी' एवढाच घेतो. अनोळखी उडत्या वस्तूंच्या नोंदी तपासणारा अमेरिकी वायुदलाचा 'ब्ल्यू बुक' प्रकल्प १९६९ मध्ये बंद झाला तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनोळखी राहिल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी नोंदींच्या बाबतीत तपासायला हातात वस्तूच नव्हती.

हातात वस्तू असेल तर काय करावं, हे शेवटी सांगतो. उचलू नका, पुसू नका, तारेच्या ब्रशनं तर अजिबात घासू नका. बाहेरचा थर, त्यात अडकलेली माती, जळाल्याच्या खुणा हाच निम्मा पुरावा असतो. दूर उभं राहून चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मापाची पट्टी नसेल तर पावलांनी अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीवर खड्डा, करपलेलं गवत, सरपटल्याची खूण आहे का पाहा. वेळ मिनिटासह लिहा. पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला कळवा. शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी घरी आणलेल्या तुकड्याचं मूल्य माझ्या टेबलावर पोचेपर्यंत खूप घसरलेलं असतं, कारण तो खरोखर तिथेच सापडला हे मग कुणालाच सिद्ध करता येत नाही. कितीही अचूक यंत्रानं मोजलं तरी ती पोकळी भरून निघत नाही. उबातुबाचं निनावी पत्र आणि रेडिओ निवेदकाचं पाकीट दोन्ही नेमकी इथेच पडली.

वस्तू ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडून पोचपावती मागा. तिच्यावर वजन, आकार, फोटो, तारीख, अधिकाऱ्याचं पद आणि ती कुठे नेणार ते लिहून घ्या. पुढे वस्तू ज्या-ज्या हाती जाईल त्या प्रत्येकाची नोंद ठेवली जाईल का, तेही विचारा. वस्तू मोठी असेल आणि धोकादायक नाही हे ठरलं असेल, तर तिचा छोटा भाग एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोहोरबंद ठेवावा अशी लेखी विनंती करा. नकार आला तर तोही लेखी घ्या. आणि चाचण्यांचा क्रम आधीच बोलून घ्या: गॅमा किरणांची मोजणी पहिली, कारण तिला तुकडा कापावा लागत नाही आणि तिची मुदत रोज संपत असते. समस्थानिक मोजायला काही मिलिग्रॅम धातू विरघळवावा लागतो, पण ते पुढच्या वर्षी केलं तरी चालतं.